उतारवयातील आरोग्य : घरचा व्यायाम आणि सायकल

निवासी शाळेच्या स्मरणिकेत संस्थेचा इतिहास असावा, ती उभी करणाऱ्यांच्या कष्टांची नोंद असावी, विद्यार्थ्यांच्या यशाचा आढावा असावा, हे उचितच आहे. अशा लेखांच्या पंगतीत व्यायामावरील लेख काहीसा परका वाटण्याचा संभव आहे. तरीही आम्ही तो जाणीवपूर्वक लिहीत आहोत. आपल्या शाळांतून आणि वसतिगृहांतून शिकून बाहेर पडलेली पिढी आता पन्नाशी ओलांडून साठी-सत्तरीकडे निघाली आहे. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात पूर्वी नोकरी, बढती, घराचे हप्ते आणि मुलांचे प्रवेश यांवर बोलणे होई. आता साखर, रक्तदाब, गुडघे आणि हृदयात बसवलेले स्टेंट यांवर होते. ज्या कुटुंबात शिक्षण घेणारी आणि पगार आणणारी पहिलीच पिढी आपली आहे, त्या कुटुंबात आपले अंथरुणाला खिळणे हे एका माणसाचे आजारपण राहत नाही. भावंडांचा आधार, नातवंडांचे शिक्षण आणि गावाकडच्या घराची उमेद हे सारेच त्याबरोबर डळमळते.

आम्ही इतिहासाचे शिक्षक आहोत, वैद्य नव्हे. औषधोपचाराचा अधिकार डॉक्टरांचा. त्यात आम्ही शिरणार नाही. शरीराकडे पाहण्याची आपली दृष्टी कशी घडली, ती का बदलली पाहिजे, आणि घरातली खुर्ची, भिंत, पाण्याच्या बाटल्या व एक साधी सायकल एवढ्या साधनांवर उतारवयात प्रकृती कशी राखता येते, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

लादलेले श्रम आणि मिळवलेली खुर्ची

आपल्या पूर्वजांचे शरीर त्यांच्या स्वतःच्या मालकीचे नव्हते. वतनाच्या नावाखाली गावचा निरोप पोहोचवणे, मृत्यूची वार्ता घेऊन परगावी पायी जाणे, सरकारी अंमलदारांची कामे करणे, मेलेली जनावरे ओढणे, रात्री पहारा देणे ही कामे त्यांच्यावर लादलेली होती. त्यांना वेळेची मर्यादा नव्हती आणि मोबदल्याची हमीही नव्हती. या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ही कनिष्ठ वतने कायद्याने नष्ट झाली ती १९५८ च्या कायद्यान्वये, म्हणजे त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर. त्यापुढची पिढी गिरण्यांत, रेल्वेत आणि इमारतींच्या कामांवर राबली. १९७२ च्या दुष्काळात आपल्यापैकी अनेकांच्या आईवडिलांनी खडी फोडली आणि पाझर तलावांची माती वाहिली.

अशा घरातून शिकून जेव्हा मुलगा किंवा मुलगी कचेरीतील खुर्चीवर बसली, तेव्हा त्या बसण्यातच प्रतिष्ठा होती. पंखा, टेबल, खुर्ची ही तीन पिढ्यांच्या कष्टांची कमाई होती. त्यामुळे निवृत्तीनंतर कोणी व्यायामाचा विषय काढला, की "जन्मभर राबलो, आता उठाबशा कशाला काढू?" असे उत्तर येते. या उत्तरामागचा थकवा खरा आहे. त्याची थट्टा करू नये. मात्र एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. श्रम आणि व्यायाम यांत हालचाल सारखी दिसली, तरी मालक वेगळा असतो. लादलेल्या श्रमात ओझे किती, वेळ किती, विसावा केव्हा हे दुसरा ठरवतो. पोटाला पुरेसे मिळते की नाही याची त्याला फिकीर नसते. व्यायामात हे सर्व आपण ठरवतो. वेठीचे चालणे शरीर झिजवते, स्वेच्छेचे चालणे ते राखते.

खुर्ची शरीराला काय करते, हे लंडनच्या बसगाड्यांतून जगाला प्रथम नीट कळले. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुमजली बसगाड्यांच्या चालकांची व वाहकांची तुलना केली. दोघेही एकाच सेवेतील कामगार. चालक दिवसभर बसून, तर वाहक तिकिटे देत सतत जिना चढणारे-उतरणारे. वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा कमी आढळले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध झाला आणि शारीरिक हालचालीच्या आधुनिक शास्त्राचा पाया घातला गेला.

आपल्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दीर्घकाळच्या संशोधनातून दाखवले, की भारतीय शरीर दिसायला सडपातळ असले तरी त्यात चरबीचे प्रमाण अधिक असू शकते, आणि ही घडण आईच्या गर्भातच सुरू होते. २००४ साली त्यांनी स्वतःचे आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचे उदाहरण छायाचित्रासह मांडले. उंचीच्या प्रमाणातील वजनाचा, म्हणजे बीएमआयचा, आकडा दोघांचा एकच, २२.३, परंतु शरीरातील चरबी एकाची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. ज्या शरीराने गर्भात किंवा बालपणी उपासमार सोसली, त्याला पुढे भरपूर अन्न आणि बैठे काम मिळाले, की मधुमेहाचा धोका वाढतो. दुष्काळात जन्मलेल्या आणि पुढे खुर्ची मिळवलेल्या पिढीला हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. "आम्ही तर बारीक आहोत, आम्हाला कसली साखर?" या समजुतीत राहणे आपल्याला परवडणारे नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या व्यापक पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

चंक्रमण आणि वीणेची तार

धम्मात शरीराला तुच्छ लेखलेले नाही. सिद्धार्थ गौतमाने कठोर तपश्चर्येने देह अस्थिपंजर करून पाहिला आणि तो मार्ग त्याज्य ठरवला. सुजाताने दिलेल्या खिरीने बळ परत आले आणि मगच संबोधीकडची वाटचाल पूर्ण झाली. देहाचे लाड नकोत आणि छळही नको, हा मध्यम मार्ग केवळ उपदेशापुरता नव्हता. भिक्खूसंघाच्या दैनंदिन जीवनात तो उतरला होता.

विनयपिटकात एक मार्मिक प्रसंग आहे. वैशालीत उपासकांकडून भिक्खूंना उत्तमोत्तम भोजन मिळू लागले आणि ते वारंवार आजारी पडू लागले. जीवक हा त्या काळचा थोर वैद्य तेथे आला असता त्याने हे पाहिले. त्याने काढा किंवा चूर्ण सुचवले नाही. भिक्खूंसाठी चंक्रमणाची जागा आणि उष्ण स्नानगृह यांना अनुज्ञा द्यावी, अशी विनंती त्याने भगवंतांना केली आणि ती मान्य झाली. चंक्रमण म्हणजे ठरावीक वाटेवर सजगपणे येरझारा घालणे. अंगुत्तर निकायात त्याचे पाच लाभ सांगितले आहेत : प्रवास सोसण्याची क्षमता येते, परिश्रमाची क्षमता येते, आरोग्य राहते, खाल्लेले अन्न नीट पचते आणि चालताना साधलेली समाधी दीर्घकाळ टिकते. बोधगयेला महाबोधी विहाराच्या उत्तरेस जे रत्नचंक्रमण दाखवले जाते, ते भगवंतांच्या चालण्याचेच स्मारक आहे. बुद्धमूर्ती बहुधा बसलेली असते. प्रत्यक्षात तथागत पंचेचाळीस वर्षे पायी फिरले.

दुसरा प्रसंग सोण कोळिविस या भिक्खूचा. सुखात वाढलेला हा तरुण चंक्रमण करताना इतका आग्रही झाला, की त्याच्या तळव्यांतून रक्त वाहू लागले आणि निराश होऊन तो संघ सोडण्याचा विचार करू लागला. तो पूर्वी उत्तम वीणा वाजवत असे. भगवंतांनी त्याला त्या वीणेच्याच दाखल्याने समजावले : तार फार ताणली तर स्वर बिघडतो, सैल सोडली तरीही बिघडतो. उतारवयात व्यायामाला प्रारंभ करणाऱ्याने हा दाखला मनात कोरून ठेवावा. पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर धावून आठवडाभर अंथरूण धरणारे आणि दोन पावले चालून दमलो म्हणणारे, या दोघांचीही तार बिघडलेली आहे.

आपल्या महापुरुषांनी देहाची पर्वा केली नाही, हे आपण अभिमानाने सांगतो. महात्मा फुले यांना १८८८ साली अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा उजवा हात निकामी झालेला असताना त्यांनी डाव्या हाताने ग्रंथलेखन पूर्ण केले. बाबासाहेबांना मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने जर्जर केले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ते काठीच्या आधाराने उभे राहिले आणि त्यानंतर ५३ व्या दिवशी, वयाच्या अवघ्या ६५ व्या वर्षी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांच्या जयंतीला आपण सलग १८ तास अभ्यासाचे उपक्रम घेतो आणि ते घ्यावेतच. परंतु त्यांनी देह झिजवला तो आपल्याला माणूसपण मिळावे म्हणून. त्यांच्या झिजण्याचे अनुकरण करण्याऐवजी, त्यांनी मिळवून दिलेले आयुष्य निरोगी राखून समाजाच्या उपयोगी पाडणे, हे त्या ऋणाचे अधिक योग्य उत्तर होय. आणखी दहा वर्षे पायांवर उभा असलेला कार्यकर्ता म्हणजे चळवळीला मिळालेली दहा वर्षे आहेत.

वय वाढताना काय घडते

तिशी-चाळिशीनंतर स्नायूंचे वस्तुमान हळूहळू घटू लागते. दर दशकास साधारण ३ ते ८ टक्के असे हे प्रमाण सांगितले जाते आणि साठीनंतर घट वेग घेते. आधी मांड्या आणि नितंब यांचे बळ जाते. म्हणून जमिनीवरून उठताना हाताचा टेकू लागतो, बसची पायरी उंच वाटू लागते. बळाबरोबर तोल जातो. तोल गेला की पडणे आले. आणि ठिसूळ हाडांच्या वयात मांडीचे हाड मोडणे म्हणजे कित्येकदा परावलंबनाचा प्रारंभ असतो. स्नायू हे रक्तातील साखर वापरणारे शरीरातील मोठे केंद्र असल्याने ते आटले की मधुमेहही बळावतो.

ही घट पूर्ण थांबवता येत नाही, पण पुष्कळ अंशी परतवता येते. १९९० साली अमेरिकेतील डॉ. मारिया फियाटरोन आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातील ८६ ते ९६ वर्षांच्या दहा दुर्बल व्यक्तींना आठ आठवडे पायांचे वजनी व्यायाम दिले. ज्यांनी ते पूर्ण केले, त्यांचे पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. नव्वदीत हे घडत असेल, तर साठीत "आता काय उपयोग" म्हणण्यास जागा उरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेले मार्गदर्शन सोपे आहे. प्रौढ व ज्येष्ठ व्यक्तींनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीची हालचाल करावी. निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींनी निदान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत. मध्यम गती ओळखण्याची खूण अशी, की त्या वेगात बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास चालले किंवा सायकल चालवली की १५० मिनिटे भरतात.

प्रारंभापूर्वी

ज्यांना हृदयविकार, मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा पूर्वीचा पक्षाघात आहे, त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच सुरुवात करावी. ज्यांना काहीच नाही असे वाटते, त्यांनीही रक्तदाब व साखर एकदा तपासून घ्यावी. कारण हे दोन्ही विकार दीर्घकाळ मुकाट्याने वास करतात. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये आणि खिशात साखर वा गुळाचा खडा ठेवावा. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी ही साखर उतरल्याची लक्षणे होत. मधुमेहींनी रोज तळपाय पाहावेत. बधिर झालेल्या पायाला जखम झालेली कळत नाही. व्यायाम करताना छातीत दडपण, जबडा किंवा हातात उतरणारी कळ, असाधारण धाप किंवा चक्कर आल्यास तत्काळ थांबावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. 'गॅस झाला असेल' म्हणून वाट पाहू नये.

आपले बळ किती, हे पाहण्याची एक सोपी कसोटी आहे. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीवर बसावे, दोन्ही हात छातीवर आडवे ठेवावेत आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. ६० ते ६४ वयाच्या पुरुषास १४ आणि स्त्रीस १२ वेळा जमावे. ६५ ते ६९ वयात अनुक्रमे १२ आणि ११. आकडा कमी आला तर खचून जाऊ नये. तो वहीत दिनांकासह लिहून ठेवावा. तीन महिन्यांनी तीच कसोटी पुन्हा घ्यावी.

घरचा व्यायाम

पुढील सहा व्यायामांना सतरंजीएवढी जागा आणि सुमारे वीस मिनिटे पुरतात. ते एक दिवसाआड करावेत. श्वास रोखून धरू नये. जोर लावताना सोडावा.

१. खुर्चीवरून उठणे-बसणे. वर सांगितलेल्या कसोटीप्रमाणेच, पण सावकाश. बसताना धपकन बसू नये. मनात तीन आकडे मोजत खाली यावे. सुरुवातीस हाताचा आधार चालेल. आम्हाला एकच व्यायाम सांगण्यास सांगितले, तर आम्ही हा सांगू.

२. भिंतीवरचे जोर. भिंतीपासून हातभर दूर उभे राहून तळवे छातीच्या उंचीवर टेकावेत, कोपरे वाकवून छाती भिंतीजवळ न्यावी आणि परत लोटावी. बळ वाढले की भिंतीऐवजी ओट्याची कड घ्यावी.

३. टाचा उचलणे. खुर्चीची पाठ धरून दोन्ही टाचा उचलाव्यात आणि हळू टेकाव्यात. पोटऱ्या बळकट होतात आणि चालण्यात स्थैर्य येते.

४. कंबर उचलणे. पाठीवर झोपून गुडघे वाकवावेत, पावले जमिनीवर टेकवून कंबर वर उचलावी, दोन-तीन सेकंद थांबून खाली आणावी. पाठ दुखणाऱ्यांना याचा विशेष उपयोग होतो.

५. पाण्याच्या बाटल्या उचलणे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. दोन्ही हातांत बाटली घेऊन कोपरातून वाकवणे, तसेच कंबरेतून थोडे झुकून बाटल्या पोटाकडे ओढणे. दुसरी हालचाल वर्षानुवर्षे टेबलावर वाकलेली पाठ सरळ करते.

६. तोल. ओट्याजवळ उभे राहून एक पाय उचलावा. आधी बोटांच्या टेकूने, मग टेकूविना, दहा सेकंदांपर्यंत. त्यानंतर फरशीच्या रेषेवर एका पावलापुढे दुसरे पाऊल लावून चालावे. तोलाचा हा व्यायाम रोज केला तरी चालेल.

"दिवसभर घरकाम करते, मला वेगळा व्यायाम कशाला?" असे भगिनी विचारतात. घरकामात हालचाल होते हे खरे. पण तीच ती कामे, वाकलेली पाठ आणि ओझ्यात कधी वाढ नाही, विसावाही नाही, अशा श्रमाने स्नायूंचे बळ वाढत नाही. उतारवयात स्त्रियांची हाडे पुरुषांपेक्षा लवकर ठिसूळ होतात, म्हणून बळाच्या व्यायामाची निकड त्यांनाच अधिक आहे. त्यांना त्यासाठी वीस मिनिटे मिळावीत याची जबाबदारी घरातील पुरुषांनी उचलावी. समतेचा प्रारंभ स्वयंपाकघरापासून झाला, तरच तो विहारात शोभतो.

सायकल

आपल्यापैकी बहुतेकांनी तासाच्या भाड्याने घेतलेल्या सायकलीवर, नळीखालून पाय घालून, गुडघे फोडून घेत सायकल शिकली आहे. आपल्या समाजाला तिचे मोल दुहेरी आहे. देशाच्या अनेक भागांत दलिताने सवर्ण वस्तीतून सायकलवर बसून जायचे नाही, उतरून हाताने ढकलत न्यायची, असा दंडक होता. सायकलवर बसलेला माणूस उंच दिसतो, हेच त्या दंडकाचे कारण. म्हणून सायकल चळवळीचे वाहन झाली, यात नवल नाही. मान्यवर कांशीराम यांनी पुण्यात नोकरीस असतानाच समाजकार्याला प्रारंभ केला आणि पुढे १९८३ साली डीएस-फोरच्या वतीने अनेक राज्यांतून सायकल यात्रा काढली. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या प्रारंभी साक्षरता मोहिमेबरोबरच सायकल शिकण्याची लाट उसळली. हजारो ग्रामीण स्त्रिया, त्यांत पुष्कळ दलित शेतमजूर, अक्षरे गिरवता गिरवता सायकल शिकल्या. लोक हसले, स्त्रिया थांबल्या नाहीत. पन्नाशीत सायकल शिकण्यास संकोचणाऱ्या आपल्या भगिनींनी त्यांचे स्मरण करावे.

पुढे मोटारसायकल आली आणि सायकल गरिबीची खूण ठरून अंगणाच्या कोपऱ्यात गंजत पडली. ती पुन्हा बाहेर काढण्यास आरोग्याचे कारण पुरेसे आहे. सायकलवर शरीराचा भार सीटवर असतो, त्यामुळे गुडघ्यांना धावण्यासारखे हादरे बसत नाहीत. मांड्या, हृदय व फुप्फुसे यांना मात्र भरपूर काम मिळते. ब्रिटनमध्ये ५५ ते ७९ वर्षांच्या १२५ हौशी सायकलस्वारांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. वर्षानुवर्षे सायकल चालवणाऱ्या या मंडळींचे स्नायू वयानुसार अपेक्षित होते तसे घटलेले नव्हते. फ्रान्सचे रॉबर्ट मार्शां यांचे उदाहरण तर विलक्षण आहे. अग्निशामक दलात आणि लाकूडतोडीत राबलेला हा माणूस सत्तरीच्या उंबरठ्यावर पुन्हा सायकलकडे वळला. शंभराव्या वर्षी त्यांनी एका तासात २४.२५ किलोमीटर अंतर कापले आणि १०२ व्या वर्षी २६.९२७ किलोमीटर. २०२१ साली १०९ व्या वर्षी ते निवर्तले. आपल्याला विक्रम करावयाचा नाही. वय वाढूनही क्षमता वाढू शकते, एवढा बोध पुरे.

सायकल घेताना बारा गिअरच्या महागड्या यंत्राचा मोह नको. आडवी नळी नसलेली लेडीज सायकल उतारवयातील पुरुषांनाही सोयीची असते. पाय उंच न उचलता चढता-उतरता येते. सीटची उंची महत्त्वाची. पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा; मग पावलाचा पुढचा भाग ठेवल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट फार खाली असेल तर गुडघे दुखतात आणि दोष मात्र सायकलला दिला जातो. जड पॅडल रेटण्यापेक्षा हलके पॅडल जलद फिरवावे. निघण्यापूर्वी हवा, ब्रेक आणि घंटी पाहावी. मागे लाल परावर्तक आणि डोक्यावर हेल्मेट असावे. उजेड पडल्यावर निघावे, वाहतूक वाढण्यापूर्वी परतावे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सकाळी आठनंतर सायकल चालवू नये. प्रारंभी सपाट, परिचित रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटे पुरेत.

दोन मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सायकलवर हाडांवर भार पडत नाही, म्हणून ती हाडे मजबूत करत नाही. त्यासाठी चालणे, जिना चढणे आणि वरील घरचा व्यायाम चालू ठेवावाच लागतो. तसेच ज्यांचा तोल किंवा दृष्टी कमी झाली आहे, त्यांनी रस्त्यावर जाण्याचे धाडस करू नये. त्यांना घरात एका जागी उभी राहणारी व्यायामाची सायकल तितकीच हितकर आहे.

वर्षावासाचा नियम

संकल्प करणे सोपे, टिकवणे कठीण. त्यासाठी आपल्याजवळ एक आयती चौकट आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा वर्षावास हा सुमारे बारा-तेरा आठवड्यांचा नियमबद्ध काळ आहे. या काळात विहारांतून ग्रंथवाचन होते. त्याच्या जोडीला शरीराचाही नियम धरावा. पावसाळ्यात रस्ते निसरडे असतात. म्हणजे हा काळ घरच्या व्यायामाचाच.

पहिले दोन आठवडे प्रत्येक व्यायाम पाच वेळा आणि रोज दहा मिनिटे चालणे, मग ते व्हरांड्यातले चंक्रमण का असेना. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात प्रत्येक व्यायाम आठ-दहा वेळा, मध्ये विसावा घेऊन दोनदा, आणि वीस मिनिटे चालणे. सातव्या आठवड्यापासून बाटल्यांचे वजन वाढवावे, खुर्चीचा आधार सोडावा, चालणे अर्ध्या तासावर न्यावे. दुसऱ्या दिवशी स्नायूंत हलका ठणका जाणवला तर तो स्वाभाविक आहे. सांध्यात तीव्र वेदना किंवा सूज आली तर थांबावे. आश्विनात पाऊस ओसरतो, रस्ते कोरडे होतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास सायकल बाहेर काढावी आणि आठवड्यातून तीन दिवस चालण्याची जागा तिला द्यावी. त्या वेळी खुर्चीची कसोटी पुन्हा घेऊन वहीतील जुन्या आकड्याशी ताडून पाहावी.

आहाराविषयी एकच सांगतो. अति भोजनाने धापा टाकणाऱ्या राजा प्रसेनजिताला भगवंतांनी मात्रा राखून खाण्याचा बोध केला, तेव्हा त्याने आपला भात क्रमाक्रमाने कमी केला, एका दिवसात नव्हे. साखरेचा चहा, भाताचा ढीग आणि रात्रीचे उशिराचे जेवण यांना तोच न्याय लावावा. डाळ, कडधान्ये, अंडी, मासे यांतून प्रथिने मिळाली नाहीत, तर व्यायामाने स्नायू वाढणार कशाने? तंबाखू आणि मद्य यांविषयी पंचशील घेतलेल्या वाचकांना वेगळे सांगणे नको.

एकट्याने नव्हे, संघाने

एकट्याचा व्यायाम चार दिवसांत मागे पडतो, चौघांचा टिकतो. म्हणून काही सूचना करतो. रविवारच्या वंदनेनंतर विहाराच्या आवारात अर्धा तास सामूहिक व्यायाम व्हावा. वस्तीतील निवृत्त मंडळींनी पाच-सहा जणांचे सायकल गट करावेत आणि जवळच्या लेणी-विहारांपर्यंत महिन्यातून एकदा जावे; व्यायामाबरोबर इतिहासाचेही दर्शन होईल. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात भाषणांआधी रक्तदाब व साखर तपासणी ठेवावी. आणि ज्यांच्या घरी चांगली सायकल पडून आहे, ज्यांना ती चालवणे आता शक्य नाही, त्यांनी ती दुरुस्त करून लांबून शाळेत येणाऱ्या एखाद्या मुलीला द्यावी. पिढीचा वारसा असाही पुढे जातो.

आपल्या आईवडिलांना म्हातारपण असे मिळालेच नाही; हातपाय चालत होते तोवर ते राबले आणि थांबले तेव्हा संपले. उसंत असलेले, पेन्शन असलेले, नातवंडांना शाळेत सोडण्याएवढे निवांत असे म्हातारपण आपल्या समाजात प्रथमच येत आहे. ते गोळ्यांच्या डब्याशेजारी बसून घालवायचे, की पायांवर उभे राहून जगायचे, याचा निर्णय पुष्कळसा आपल्या हातात आहे. हाती घेतलेली खुर्ची सोडा, असे आम्ही म्हणत नाही. तिच्यावरून रोज दहा वेळा उठा, एवढेच म्हणतो.

जय भीम. नमो बुद्धाय.